औषधी वनस्पतींच्या पानांचे अर्क: अँटिऑक्सिडंट आणि उत्परिवर्तनरोधी गुणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँटिऑक्सिडंट गुण आणि उत्परिवर्तनरोधी गुण ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत का?

नाही, आणि या विषयातला निम्मा गोंधळ ही दोन्ही एकच मानल्यामुळे होतो. अँटिऑक्सिडंट पदार्थ ऑक्सिडीकरण थांबवतो किंवा लांबवतो. तो मुक्त मूलकांना, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या क्रियाशील रेणूंना, इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन देऊन शांत करतो, नाहीतर लोहासारख्या धातूंचे आयन बांधून ठेवतो, म्हणजे मूलके तयारच होत नाहीत. उत्परिवर्तनरोधी पदार्थ मात्र डीएनएच्या क्रमात होणारे कायमचे बदल कमी करतो, मग त्या बदलांचे कारण कोणतेही असो.

दोन्ही गुण काही ठिकाणी एकमेकांना भेटतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह एकत्र आले की फेंटन अभिक्रियेतून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते. ते डीएनएतील ग्वानिनवर आघात करते आणि ऑक्सिडीकृत ग्वानिन तयार होते. हे बदललेले ग्वानिन सायटोसिनऐवजी अ‍ॅडेनिनशी जोडी जमवते, आणि पेशीने वेळीच दुरुस्ती केली नाही तर पुढच्या विभाजनांत मूळच्या जी-सी (ग्वानिन-सायटोसिन) जोडीच्या जागी टी-ए (थायमिन-अ‍ॅडेनिन) जोडी येऊन बसते. या वाटेने होणारे उत्परिवर्तन अँटिऑक्सिडंट रोखू शकेल, असे मानणे रास्त आहे. परंतु उत्परिवर्तनाच्या सगळ्याच वाटा ऑक्सिडीकरणातून जात नाहीत. त्यामुळे अँटिऑक्सिडंट चाचणीत उत्तम ठरलेला अर्क उत्परिवर्तनरोधी चाचणीत निष्प्रभ ठरला, तर त्यात आश्चर्य नाही.

संशोधनासाठी पानेच का निवडली जातात?

पान सतत उन्हात असते आणि प्रकाशसंश्लेषण करताना त्याच्या हरितलवकांत क्रियाशील ऑक्सिजन तयार होतच राहतो. त्यापासून बचाव करण्यासाठी पानात फ्लॅव्होनॉइड, फिनॉलिक आम्ले, कॅरोटिनॉइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल यांचा साठा असतो. दुसरे कारण व्यावहारिक आहे: मुळे किंवा साल काढली की झाडाला इजा होते, पाने मात्र पुन्हा फुटतात.

अर्क कसा काढतात? द्रावक बदलला की निष्कर्ष इतके का बदलतात?

पाने धुऊन सावलीत किंवा साधारण ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवतात, दळून भुकटी करतात, ती द्रावकात भिजवतात किंवा सॉक्सलेट उपकरणात उकळत्या द्रावकाने धुतात, गाळतात आणि कमी दाबाखाली द्रावक उडवून घट्ट अर्क मिळवतात. वाळवण्याची पायरी दिसते तितकी किरकोळ नाही. पान चुरगळले किंवा ओलसर राहिले की त्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर फिनॉल्सवर काम सुरू करते आणि पान तपकिरी पडते. अशा भुकटीतून काढलेला अर्क मूळ पानाचे प्रतिनिधित्व करत नाही.

द्रावकाची निवड म्हणजे खरे तर कोणती संयुगे बाहेर काढायची याची निवड असते. हेक्झेनमध्ये मेण, मेदयुक्त पदार्थ आणि कॅरोटिनॉइड उतरतात. एथिल अ‍ॅसिटेटमध्ये मध्यम ध्रुवीयतेची फ्लॅव्होनॉइड येतात. पाणी मिसळलेल्या मेथॅनॉलमध्ये किंवा एथॅनॉलमध्ये फिनॉल्स आणि त्यांची शर्करायुक्त रूपे भरपूर उतरतात. निव्वळ पाण्यात टॅनिन, शर्करा आणि क्षार येतात. म्हणूनच ‘अमुक वनस्पतीचे पान अँटिऑक्सिडंट आहे’ हे विधान अपुरे आहे. कोणत्या द्रावकाचा, कोणत्या तापमानाला काढलेला, पान कोवळे होते की जून, आणि ते कोणत्या ऋतूत तोडले, हे सांगितल्याशिवाय दोन प्रयोगांची तुलना होऊ शकत नाही.

‘एकूण फिनॉल’ हा आकडा कितपत विश्वासार्ह आहे?

हा आकडा फोलिन-सिओकाल्टू अभिकर्मकाने काढतात. अभिकर्मक अल्कधर्मी द्रावणात क्षपित होऊन निळा होतो, निळेपणा साधारण ७६५ नॅनोमीटरला मोजतात आणि उत्तर गॅलिक आम्लाच्या तुल्यांकात लिहितात. अडचण अशी की हा अभिकर्मक फक्त फिनॉल्सना ओळखत नाही. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, काही शर्करा आणि काही अमिनो आम्लेही त्याला निळा करतात. त्यामुळे या आकड्याचा अर्थ ‘क्षपण करण्याची एकूण क्षमता’ असा घ्यावा. पुष्कळ निबंधांत एकूण फिनॉल आणि अँटिऑक्सिडंट क्षमता यांचा सहसंबंध मोठ्या कौतुकाने दाखवलेला असतो. दोन्ही चाचण्या मुळात इलेक्ट्रॉन देण्याची क्षमताच मोजत असतील, तर तो सहसंबंध दिसला नसता तरच नवल.

डीपीपीएच चाचणीत नेमके काय घडते?

डीपीपीएच हे एक स्थिर मुक्त मूलक आहे. मेथॅनॉलमध्ये त्याचे द्रावण गडद जांभळे दिसते आणि ५१७ नॅनोमीटरला सर्वाधिक प्रकाश शोषते. अर्कातील पदार्थाने त्याला इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग ओसरून द्रावण फिकट पिवळे होते. नळ्या साधारण ३० मिनिटे अंधारात ठेवून रंग किती उतरला ते मोजतात. १९५८ मध्ये मांडलेली ही पद्धत स्वस्त आणि झटपट आहे, म्हणूनच वनस्पतींवरचा क्वचितच एखादा निबंध तिच्याशिवाय सापडतो.

पानांच्या अर्काबाबत तिची एक खास खोड आहे. हिरव्या अर्कात कॅरोटिनॉइड असतात आणि त्यांच्या शोषणाचा पट्टा ५१७ नॅनोमीटरच्या अगदी जवळ येतो. शिवाय दाट अर्क मिसळला की नळी गढूळ होते. दोन्हींमुळे मोजलेले शोषण वाढते आणि अर्क प्रत्यक्षापेक्षा दुबळा दिसतो. उपाय सोपा आहे: प्रत्येक संहतीसाठी डीपीपीएच न घालता केवळ अर्क आणि मेथॅनॉल असलेली नळी ठेवायची आणि तिचे वाचन वजा करायचे. तरीही ही नळी वगळलेली आढळते.

याहून मूलभूत मर्यादा म्हणजे डीपीपीएच हे मूलक शरीरात कुठेच नसते. त्याचा रेणू मोठा आहे आणि त्याचे क्रियाशील केंद्र भोवतालच्या वलयांनी वेढलेले आहे. लहान रेणू तिथे सहज पोचतात, मोठ्या टॅनिन रेणूंना अडचण येते. अशा चाचणीवरून रासायनिक क्षमतेचा अंदाज बांधता येतो, औषधी उपयोगाचा नाही.

आयसी ५० जितका कमी, तितका अर्क चांगला, असे म्हणता येईल का?

आयसी ५० म्हणजे ५० टक्के मूलके शांत करणारी अर्काची संहती. एकाच प्रयोगशाळेत, एकाच दिवशी, एकाच द्रावणावर केलेल्या मोजणीत तसे म्हणता येते. वेगवेगळ्या निबंधांतील आकडे शेजारी ठेवून मात्र म्हणता येत नाही, कारण ५० टक्के मूलके शांत करण्यासाठी लागणारी संहती मुळात किती डीपीपीएच घेतले यावर अवलंबून असते.

याची पडताळणी कागदावर करता येते. अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे साधारण दोन रेणू शांत करतो. अंतिम मिश्रणात डीपीपीएच दर लिटरला १०० मायक्रोमोल असेल, तर त्यातले निम्मे शांत करायला सुमारे २५ मायक्रोमोल अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल लागेल, म्हणजे दर मिलिलिटरला सुमारे ४.४ मायक्रोग्रॅम. डीपीपीएच दुप्पट घेतले तर हा आकडाही दुप्पट होतो. एखाद्या निबंधात त्याच परिस्थितीत अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचा आयसी ५० पन्नास-साठ मायक्रोग्रॅम दिलेला असेल, तर प्रमाणित पदार्थ जुना होता किंवा गणितात कुठेतरी घोळ आहे, असे समजून पुढचे तक्ते सावधपणे वाचावेत.

मग एबीटीएस, एफआरएपी, ओआरएसी अशा इतक्या चाचण्या कशासाठी?

प्रत्येक चाचणी वेगळी बाजू पाहते. एबीटीएसचे निळसर हिरवे मूलक ७३४ नॅनोमीटरला मोजतात, त्यामुळे पानांतील रंगद्रव्यांची अडचण बरीच कमी होते. १९९६ मध्ये मांडलेल्या एफआरएपीमध्ये मूलक नसतेच. आम्लधर्मी द्रावणात लोहाचे क्षपण किती होते ते पाहतात, आणि ग्लुटाथायोनसारखी गंधकयुक्त संयुगे तिच्यात फारशी दिसत नाहीत. ओआरएसीमध्ये पेरॉक्सिल मूलके वापरतात. या शेवटच्या चाचणीच्या आकड्यांची अमेरिकेच्या कृषी खात्याने तयार केलेली यादी २०१२ मध्ये मागे घेण्यात आली, कारण जाहिरातींत तिचा वाटेल तसा वापर होऊ लागला होता आणि नळीतील त्या आकड्यांचा शरीरातील परिणामांशी संबंध दाखवता येत नव्हता.

एम्स चाचणी म्हणजे काय?

उत्परिवर्तन मोजण्याची ही सर्वाधिक वापरली जाणारी प्राथमिक चाचणी अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात विकसित केली. तिच्यात साल्मोनेला जिवाणूचे असे वाण वापरतात, ज्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल तयार करता येत नाही, कारण त्यासाठीचे एक जनुक आधीच बिघडवलेले असते. हिस्टिडिन नसलेल्या माध्यमावर हे जिवाणू वाढत नाहीत. उत्परिवर्तनामुळे तो बिघाड उलटला, तरच जिवाणू वाढतो आणि ३७ अंशांना दोन दिवसांनी थाळीवर डोळ्यांना दिसणारी वसाहत होते. वसाहती मोजल्या की उत्परिवर्तने मोजली.

प्रत्येक वाण वेगळा बिघाड टिपतो. टीए ९८ मध्ये वाचनचौकट (जनुकाची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचण्याची मांडणी) सरकवणारी उत्परिवर्तने कळतात, टीए १०० मध्ये एका जोडीच्या जागी दुसरी जोडी येणारी, तर टीए १०२ ऑक्सिडीकरणाने झालेल्या इजेला संवेदनशील आहे. जिवाणूंपाशी यकृतातील विकरे नसतात, म्हणून शरीरात गेल्यावर घातक बनणाऱ्या पदार्थांसाठी उंदराच्या यकृतापासून तयार केलेले एस ९ मिश्रण थाळीत घालतात.

अर्क उत्परिवर्तनरोधी आहे हे या चाचणीवरून कसे ठरवतात?

थाळीत ज्ञात उत्परिवर्तक आणि अर्क दोन्ही घालतात आणि वसाहती किती घटल्या ते पाहतात. समजा, टीए १०० च्या नुसत्या थाळीवर आपोआप १५० वसाहती येतात, उत्परिवर्तक घातल्यावर ४५० आणि अर्कही घातल्यावर २७०. उत्परिवर्तकामुळे वाढलेल्या ३०० पैकी १८० वसाहती कमी झाल्या, म्हणजे प्रतिबंध ६० टक्के. आपोआप येणाऱ्या वसाहती वजा करायला विसरले, तर हाच आकडा ४० टक्के निघतो. बऱ्याच निबंधांत ४० टक्क्यांपेक्षा जास्त प्रतिबंध ‘तीव्र’, २५ ते ४० टक्के ‘मध्यम’ आणि त्याखालचा ‘नगण्य’ मानतात. हा सोयीसाठी पाळला जाणारा संकेत आहे, निसर्गनियम नव्हे.

उत्परिवर्तक कोणता निवडला याला तर अतोनात महत्त्व आहे. टीए १०० साठी सोडियम अझाइड सर्रास वापरतात. जिवाणू आपल्याच विकराच्या साहाय्याने त्यापासून अझिडोअ‍ॅलानिन बनवतो आणि तेच उत्परिवर्तनाला कारण ठरते. मुक्त मूलकांचा त्यात मुख्य वाटा नाही. तेव्हा सोडियम अझाइडविरुद्ध मिळालेल्या प्रतिबंधाचे श्रेय अर्काच्या डीपीपीएच आकड्याला देणारे निष्कर्ष तर्काला धरून नसतात. अँटिऑक्सिडंट मार्गाचा दावा करायचा असेल, तर टीए १०२ वाण आणि हायड्रोजन पेरॉक्साइडसारखा ऑक्सिडीकारक उत्परिवर्तक घेऊनच तो तपासला पाहिजे.

वसाहती कमी झाल्या म्हणजे उत्परिवर्तने कमी झाली, हे खात्रीने सांगता येते का?

नाही. जिवाणू मेले तरीही वसाहती कमीच होतात, आणि औषधी वनस्पतींचे कितीतरी अर्क जिवाणूनाशक असतात. म्हणून थाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अनिवार्य आहे. माध्यमात हिस्टिडिनचा अगदी थोडा अंश मुद्दाम घातलेला असतो. त्यावर सगळे जिवाणू काही वेळा विभागतात आणि मोठ्या वसाहतींच्या मागे एक पुसट, दाणेदार थर पसरतो. हा थर एकसारखा असेल तर जिवाणू सुस्थितीत होते. तो विरळ झाला असेल किंवा नाहीसा झाला असेल, तर अर्काने जिवाणू मारले आणि मोजलेल्या प्रतिबंधाला काही अर्थ उरत नाही. याचेही एक टोक आहे: थर फार विरळ झाला की वाचलेल्या मोजक्या जिवाणूंच्या वाट्याला हिस्टिडिन जास्त येते, टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक वसाहती उगवतात आणि घाईत मोजणाऱ्याला त्या उत्परिवर्तित वाटतात. शंका आली की अशा वसाहती उचलून हिस्टिडिनविरहित माध्यमावर पुन्हा वाढतात का ते पाहावे.

उलट बाजूनेही फसगत होते. पानांच्या अर्कात स्वतःचे हिस्टिडिन असू शकते. ते जिवाणूंना आयते मिळाले की वसाहती वाढतात आणि निरुपद्रवी अर्क उत्परिवर्तक ठरतो.

अर्क उत्परिवर्तन नेमके कोणत्या मार्गाने रोखतो?

जपानी संशोधक त्सुनेओ काडा यांनी केलेली विभागणी आजही उपयोगी पडते. काही पदार्थ उत्परिवर्तकाला डीएनएपर्यंत पोचण्याआधीच निकामी करतात: त्याला बांधतात, त्याचे रासायनिक रूप बदलतात किंवा त्याला घातक बनवणारी विकरे अडवतात. दुसऱ्या प्रकारचे पदार्थ डीएनएला इजा झाल्यानंतर पेशीच्या दुरुस्तीच्या आणि प्रतिकृतीच्या प्रक्रियेवर परिणाम करतात.

पानांत पहिल्या प्रकारची उदाहरणे मुबलक आहेत. हरितद्रव्य आणि त्यापासून केलेले क्लोरोफिलिन सपाट वलयांच्या उत्परिवर्तकांना, उदाहरणार्थ अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाला, चिकटून त्यांचे शोषण कमी करतात. एलॅजिक आम्ल धुरातील बेंझोपायरीनच्या यकृतात तयार होणाऱ्या क्रियाशील रूपाशी थेट अभिक्रिया करते. अनेक फ्लॅव्होनॉइड यकृतातील सायटोक्रोम विकरांना अडवतात, म्हणून त्यांचा परिणाम एस ९ असलेल्या थाळीत दिसतो आणि एस ९ नसलेल्या थाळीत दिसत नाही. अर्क उत्परिवर्तकाबरोबर, त्याच्या आधी किंवा त्याच्यानंतर दिल्यास फरक पडतो का, हे पाहिले की मार्गाचा सुगावा लागतो.

एक मार्ग मात्र एम्स चाचणीला दिसूच शकत नाही. काही वनस्पतिज संयुगे प्राण्यांच्या पेशीतील एनआरएफ२ हे प्रथिन मोकळे करतात आणि पेशी स्वतःची विषनाशक विकरे वाढवते. जिवाणूत ही यंत्रणा नाही. त्यासाठी पेशींवरील सूक्ष्मकेंद्रक चाचणी किंवा डीएनएची तुटफूट दाखवणारी कॉमेट चाचणी यांची जोड द्यावी लागते.

कोणत्या पानांत कोणती संयुगे असतात?

तुळशीत युजेनॉल, रोझमॅरिनिक आम्ल, अर्सोलिक आम्ल आणि ओरिएंटिन व व्हायसेनिन ही फ्लॅव्होनॉइड. शेवग्याच्या पानांत क्वेर्सेटिन व केम्फेरॉल यांची शर्करायुक्त रूपे, क्लोरोजेनिक आम्ल आणि आयसोथायोसायनेट. कडुनिंबात निम्बोलाइडसारखी लिमोनॉइड. पेरूच्या पानांत क्वेर्सेटिनची अनेक रूपे. यादी लांबवता येईल, पण संयुगाचे नाव कळल्याने परिणाम सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवावे.

क्वेर्सेटिन स्वतःच एम्स चाचणीत उत्परिवर्तक ठरते, हे खरे आहे का?

खरे आहे. १९७० च्या दशकापासून हे माहीत आहे, आणि टीए ९८ वाणावर ते स्पष्ट दिसते. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये क्वेर्सेटिनला तिसऱ्या गटात ठेवले, म्हणजे मानवी कर्करोगकारकतेबाबत वर्गीकरण करण्याइतका पुरावा नाही असे मानले. विरोधाभासाची उकल रसायनशास्त्रात आहे: इलेक्ट्रॉन सहज देणारा रेणू ऑक्सिजनलाही इलेक्ट्रॉन देतो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ शकतो. धातूंचे आयन आणि जास्त संहती असली की अँटिऑक्सिडंटच ऑक्सिडीकरणाला हातभार लावतो. पेशींच्या संवर्धन माध्यमात तर कित्येक पॉलिफिनॉल्स आपोआप पेरॉक्साइड तयार करतात, आणि मग अर्काचा परिणाम म्हणून जे नोंदले जाते ते पेरॉक्साइडचे काम असते. उत्परिवर्तनरोधी गुण तपासण्याआधी अर्क स्वतः उत्परिवर्तक नाही ना, हे एस ९ सह आणि एस ९ शिवाय पाहण्याचा आग्रह त्यासाठीच धरतात.

नळीतले आणि थाळीतले निष्कर्ष माणसाला लागू होतात का?

थेट लागू होत नाहीत, आणि कारण मात्रेत आहे. प्रयोगात दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम ही संहती सामान्य समजली जाते. शुद्ध क्वेर्सेटिनच्या हिशेबात ती दर लिटरला ३३० मायक्रोमोलच्या आसपास होते. तोंडावाटे घेतलेल्या बहुतेक पॉलिफिनॉल्सचे रक्तातील प्रमाण काही मायक्रोमोलच्या पुढे जात नाही, आणि तेही मूळ रूपात नसते. आतडे आणि यकृत त्यांना ग्लुकुरोनाइड व सल्फेटची जोड देतात, आतड्यातील जिवाणू त्यांचे तुकडे करतात. नळीत जे संयुग तपासले ते पेशीपर्यंत त्या रूपात पोचतच नाही.

मानवी पुरावा दोन्ही दिशांनी बोलतो. चीनमधील किदोंग येथे, जिथे अन्नातून अफ्लाटॉक्सिन पोटात जाण्याचा धोका मोठा होता, १८० प्रौढांवर केलेल्या चाचणीत दिवसातून तीनदा १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन चार महिने दिले गेले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अफ्लाटॉक्सिनमुळे डीएनएला झालेल्या इजेची लघवीतील खूण ५५ टक्क्यांनी कमी आढळली. इथे मार्ग ठाऊक होता, शत्रू ठाऊक होता आणि मोजायची खूणही नेमकी होती. याउलट फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील चाचणीत बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे निष्कर्ष १९९४ चे आहेत. पुढे अमेरिकेतील अशाच एका चाचणीतही वाढ दिसल्याने ती १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. बीटा-कॅरोटिन अँटिऑक्सिडंट आहे, यात तेव्हाही कुणाला शंका नव्हती.

पानांचा अर्क नैसर्गिक असल्यामुळे सुरक्षित असतो ना?

या समजुतीला आधार नाही. अ‍ॅरिस्टोलोकिया प्रजातीच्या वनस्पतींतील अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करते, मूत्रमार्गाचा कर्करोग घडवते आणि डीएनएत ए-टी जोडीच्या जागी टी-ए जोडी बसवण्याची स्वतःची ओळखू येणारी खूण मागे ठेवते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या उपचारात एका वनस्पतीऐवजी चुकून ही वनस्पती वापरली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. कॉम्फ्रीच्या पानांतील पायरोलिझिडिन अल्कलॉइड यकृताला घातक असतात. हिरव्या चहाच्या पानांसारख्या परिचित पदार्थाचाही घट्ट अर्क वेगळा वागतो: युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नमूद केले की पूरक आहारातून दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी (हिरव्या चहातील मुख्य पॉलिफिनॉल) घेतल्यास यकृतातील विकरांची रक्तातील पातळी वाढते. सायटोक्रोम विकरे अडवणारा अर्क थाळीत उत्परिवर्तनरोधी म्हणून गाजतो, पण तोच गुण शरीरात औषधांचे विघटन मंदावू शकतो. म्हणून नियमित औषधे चालू असणाऱ्यांनी, विशेषतः कर्करोगावरील उपचार घेणाऱ्यांनी, असा कोणताही अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

या विषयावर पहिलाच प्रयोग आखणाऱ्या विद्यार्थ्याने कशाकडे लक्ष द्यावे?

वनस्पतीची ओळख वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पक्की करून तिचा वाळवलेला नमुना वनस्पतिसंग्रहालयात क्रमांकासह ठेवावा. ही एक गोष्ट राहिली तर पुढचे सगळे मोजमाप कोणत्या झाडाचे हे कधीच सांगता येत नाही. अँटिऑक्सिडंट क्षमता निदान दोन वेगळ्या तत्त्वांवरील चाचण्यांनी मोजावी आणि ट्रोलॉक्ससारखा प्रमाणित पदार्थ सोबत ठेवावा. अर्क ज्या द्रावकात विरघळवला, त्या नुसत्या द्रावकाची थाळी घ्यावी. एम्स चाचणीत अर्काची विषारी मात्रा आधी काढून त्याखालच्या किमान तीन-चार मात्रा घ्याव्यात, म्हणजे मात्रा वाढेल तसा परिणाम वाढतो का हे दिसेल. उत्परिवर्तक वेगवेगळ्या मार्गांनी काम करणारे निवडावेत, आणि एखाद्या वाणावर काहीच परिणाम दिसला नाही तर तो तक्ताही निबंधात ठेवावा. अर्क कोणत्या मार्गाने काम करतो, हे बहुधा त्या रिकाम्या वाटणाऱ्या तक्त्यावरूनच उलगडते.